पाठमोरी आई

आमच्या शिरूरच्या शाळेत चित्रकलेच्या बाई दौंडहून येतात. बोटांवरचा रंग पुरता जायच्या आतच डबा उघडतात. स्वतः फक्त आया रंगवतात. पोरांना सांगतात, "आई सकाळी दिसली तशी काढा." तरी पोरं पोळपाट-लाटणंच काढतात.

एकीनं मात्र रांजणगावच्या कारखान्यातल्या रात्रपाळीवरून येऊन झोपलेल्या आईची नुसती पाठ काढली. मला ते चित्र भिंतीवर लावण्याजोगं वाटेना. बाईंनी हॉलमधलं स्वतः रंगवलेलं चित्र उतरवलं आणि त्याच खिळ्याला ते टांगलं.

पालकसभेला आलेली ती आई चित्रापुढं ओशाळली. "हिला मी नुसती झोपलेलीच दिसती व्हय?"

"तुम्ही झोपला की ती बघत बसती, ताई," म्हणत बाईंनी चित्रातल्या मानेवरच्या तिळावर बोट ठेवलं.

आईचा हात मानेमागं गेला. तिथं तीळ आहे, हे तिला माहीतच नव्हतं.