डाग बघा, मग बोला

गाडी चहाला थांबो की पंक्चर काढायला, मिस्त्री आधी खाली उतरायचा, शर्टाच्या खिशातून वेल्डिंगची काळी काच काढायचा आणि तोंड वर करून सूर्याकडे बघत राहायचा. मग तीच काच गुरुजींच्या नाकासमोर धरून म्हणायचा, "आधी डाग बघा, मग बोला." या वाक्याचा मला तेव्हाही राग यायचा. आता तर ते नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

कळंबला रस्त्यालगत माझं हार्डवेअरचं दुकान, आणि शेजारी त्याचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप. कामाला वाघ माणूस. वेल्डिंग चालू असताना कोणी वळून बघितलं, की काम थांबवून ओरडायचा, "ए, डोळं झाक! डोळं काय शेठच्या दुकानात मिळत्यात व्हय?" शाळेची पोरं जायची वेळ झाली की समोर पत्रा आडवा लावायचा. इतका जपणारा माणूस, हे लक्षात ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत आळीतली आम्ही काही घरं मिळून जीप करायचो आणि फिरायला निघायचो. हसतखेळत जावं, भाकरी-ठेचा खावा, एवढाच बेत. पण गाडीत गुरुजी असायचे. शाळेतून निवृत्त झालेले, शिकवण्यातून नाही. ते म्हणायचे, हवामान बिघडलं ते माणसाने केलेल्या धुराने. मिस्त्री म्हणायचा, धूरबीर काही नाही, सगळी करणी सूर्याची. त्याच्यावर डाग वाढले की खाली पाऊस चळतो. दोघांचंही या विषयातलं शिक्षण मोबाईलवर झालेलं. गुरुजींची बाजू खरी होती, पण खरं बोलूनही माणूस किती छळू शकतो, हे त्यांच्याकडून शिकावं. असे दोघे तुमच्याही गाडीत बसले असतील. खिडकीबाहेर डोंगर सरकत असतात आणि आत नुसती कावकाव.

एका वर्षी तळेघरच्या बाजूला एका ओळखीच्या घरी जेवायला थांबलो. भात कापून शेतात पसरलेला, आणि अवेळीच आभाळ भरून आलं. घरातली म्हातारी पेंढ्या उचलायला धावली. आम्हीही धावलो, मिस्त्रीची बायको, आमच्या वहिनीसुद्धा. आणि हे दोघे? ओसरीवर उभे राहून हा पाऊस धुराचा की डागांचा, यावर भांडत होते! शेवटी म्हातारीने खालूनच हाक दिली, "पावणं, तुमचं काय ठरायचं ते ठरू द्या, तवर चार पेंढ्या तर उचला!" मिस्त्री ओशाळून धावला, सगळ्यांपेक्षा जास्त ओझी त्यानेच वाहिली. पण डोक्यावर पेंढी असतानाही मागे वळून म्हणालाच, "गुरुजी, डागच हायेत!" निम्मा भात भिजला. म्हातारी भिजल्या पेंढ्या ओसरीवर पसरायला लागली. मला मात्र दोघांना त्या चिखलात लोळवावंसं वाटलं.

पुढच्या दिवाळीला लेण्याद्रीला गेलो. दर्शन झालं, पायऱ्यांवर दम खात बसलो. वर पातळ ढग होते. काळ्या काचेतून मिस्त्रीला काहीच दिसेना. गुरुजी हसले, "काय मिस्त्री, पळाले वाटतं तुमचे डाग?" झालं. मिस्त्रीने दुसऱ्या खिशातून हिरवी काच काढली. गॅस कटिंगची, फिकट. ती मी रोज विकतो, मला ठाऊक आहे ती कशासाठी असते.

मी म्हणालो, "मिस्त्री, ही सूर्यासाठी न्हाई. ठेव खिशात."

"शेठ, तुमी काचा इकता, मी वापरतो. गप बसा."

वहिनी त्याचा हात ओढत होत्या. "आवो, चला की खाली." ऐकेल तर शपथ. ढग सरकले, ऊन लख्ख झालं, तरी हा बघतोच आहे. मग ओरडला, "घावला! मधोमध हाय, लई मोठा!"

त्याचा आनंद काय सांगू! काच खिशात टाकून तो गुरुजींकडे वळला आणि खदाखदा हसला. "गुरुजी, तुमच्या तोंडावर बी डाग हाय!" सगळे हसले. मग तो पायरीकडे बघून म्हणाला, "हितं बी हाय." मग भिंतीकडे. मग वहिनींकडे बघितलं आणि हसायचा थांबला. पायऱ्या उतरताना त्याने वहिनींचा खांदा धरला होता.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग भाजलाय. कडेचं दिसेल, मधलं आता दिसणं कठीण. दुखलं कसं नाही, असं वहिनी विचारत होत्या. तसं दुखत नाही म्हणे.

कोणावर चिडू? जन्मभर पोरांच्या डोळ्यांपुढे पत्रा धरणारा माणूस स्वतःचे डोळे कशावर घालवून बसला, तर जीपमधल्या भांडणावर! जिंकून काय मिळणार होतं? त्या म्हातारीचा भात वाळणार होता? आणि गुरुजी, त्याला बघायला गेले तेव्हाही उठता उठता म्हणाले, "तसं शास्त्रीयदृष्ट्या मुद्दा माझाच बरोबर होता." मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून त्यांच्याशी मी बोलत नाही.

माझ्या दुकानाचं गेट त्याच्याकडे करायला होतं. दुसऱ्याला देऊ, म्हटलं तर ऐकेना. मान तिरकी करून, कडेने बघत त्याने ते पुरं केलं आणि स्वतः आणून बसवलं. मी हात फिरवून बघितलं. एक सांधा एकीकडे आणि त्याचं वेल्डिंग बोटभर पलीकडे, कोऱ्या लोखंडावर. आणि तेही किती सुबक, एकसारखं!

त्यानेही बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"शेठ," तो म्हणाला, "डाग हटला की पक्कं करून देतो."

वर्कशॉपला आता कुलूप आहे. तो आणि वहिनी लेकाकडे भोसरीला गेले. रोज सकाळी दुकान उघडताना ते गेट खडखडतं आणि रोज माझं डोकं फिरतं. परवा एक नवा वेल्डर म्हणाला, "शेठ, दोन टाके मारू का? पाच मिन्टाचं काम हाय." मी त्याच्यावर असा ओरडलो, की तो मशीन उचलून चालता झाला.