खालचा आवाज

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. द हेगच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने "झालं, चालतंय" म्हटलं की माझं काम सुरू होतं. नवरा म्हणतो, ही सवय ऑफिसातच ठेवून येत जा. त्याला म्हणायला काय जातं! घरात दोघंही डोळे मिटून बसले तर कसं चालायचं?

युरोपातल्या देशांची ती दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा मला कधीच सरळ वाटलेली नाही. नेदरलँड्सतर्फे कोण गाणार हे इथे चारचौघांसमोर ठरत नाही. काही जाणती माणसं दार लावून बसतात आणि एक दिवस नाव जाहीर करतात. मग कॉफी मशीनपाशी आठवडाभर कुरकुर चालते, की ओळखीतलाच निवडला असणार. मीही त्यात हौसेने भर घालायचे. मुलीने एकदा विचारलं होतं, "आई, तुला काय फरक पडतो?" तेव्हा खरंच काही पडत नव्हता.

मुलगी एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकते आणि शुक्रवारी झूटरमेरला घरी येते. त्या हिवाळ्यात हूफडॉर्पच्या एका मैत्रिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, तुझी लेक मंगळवारी हिल्व्हरसम स्टेशनवर दिसली. सुट्टी आहे का तिला?"

"प्रोजेक्ट आहे तिचा," मी ठोकून दिलं. फोन ठेवला आणि मनात पाल चुकचुकली. हिल्व्हरसमला टीव्ही-रेडिओचे स्टुडिओ. भर कॉलेजच्या दिवशी हिचं तिथे काय काम? शिक्षण सोडून दिलं की काय?

शुक्रवारी जेवताना विचारलं, "मंगळवारी कुठे होतीस?"

"आई, आय कान्ट टेल यू. मी प्रॉमिस केलंय."

"कोणाला?"

"तेही नाही सांगू शकत."

नवऱ्याने शांतपणे आमटीचं भांडं स्वतःकडे ओढलं. तो इतका शांत होता की मला त्याचाही संशय आला. त्याला काहीच माहीत नव्हतं, फक्त भूक लागली होती, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाथरूममध्ये गुणगुणत होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. सुरू कुठून होते, टेकते कुठे, काही पत्ता नाही. वर जायला हवं तिथे ती चाल जागच्या जागी घुटमळायची. मी लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या आहेत. बेसूर मला सोसत नाही. ती बाहेर आल्याबरोबर फोनवरचा तानपुरा लावला, तिला समोर बसवलं, "सा धर" म्हटलं आणि ती ओळ जिथे जायला हवी तिथे नेऊन दाखवली. वर हेही सुनावलं की सूर लावण्याआधी नाकाने सर्रकन श्वास घेतेस तो ऐकू येतो, लहानपणापासून सांगतेय. तिने केस पुसत सगळं ऐकून घेतलं. दोनदा माझ्यासारखं गाऊनही दाखवलं. त्यानंतर ती घरात गायचीच बंद झाली. म्हटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

वसंतात देशाचं गाणं जाहीर झालं आणि त्याच दुपारी तिचा फोन आला. "आई, आता सांगू शकते. त्या गाण्यात मागे आवाज आहेत ना? त्यासाठी आमच्या युनिव्हर्सिटीच्या कॉयरमधल्या काही जणांना बोलावलं होतं. मला पण." स्टेजवर गायक एकटाच असणार होता, मागचे आवाज आधीच रेकॉर्ड केलेले.

मी हेडफोन लावले. धृपदात गायकाची चाल वर चढली आणि तिच्या खालून ती आली, बाथरूममधली ओळ. तशीच जागच्या जागी घुटमळणारी. पण आता वरच्या चालीखाली ती झाकणाखाली कढई बसावी तशी नेमकी बसली होती. बेसूर नव्हतीच, अर्धी होती. आपल्याकडे सगळे मिळून एकच चाल गातात. इथे एकीखाली दुसरी लावतात. बंद दाराबाहेरून ऐकणाऱ्या बाईला उरलेलं अर्धं कुठून कळावं?

अभिमानाने छाती फुगायला हवी होती. त्याऐवजी मी गाणं पुन्हा पुन्हा मागे नेत राहिले. त्या खालच्या ओळीत कितीतरी आवाज होते आणि त्यांतला माझ्या मुलीचा कुठला, ते मला ओळखता येईना. गर्दीत नुसत्या शिंकेवरून मी हिला ओळखते! काढून तर टाकला नसेल? आणि मी सुधारून दिलेली ओळ ती तिथे गायली असेल तर?

ती घरी आल्यावर विचारलंच. ती म्हणाली, "त्या मंगळवारी नुसती प्रॅक्टिस होती. रेकॉर्डिंगला एकदा गेला आवाज वर, तू शिकवलंस तसा. त्यांनी थांबवलं. मग परत गायले."

"पण ठेवलाय ना तुझा आवाज?"

"खूप आवाज रेकॉर्ड करतात. हवे तेवढे ठेवतात. कोणाचे ठेवले ते सांगत नाहीत."

"मग विचार की त्यांना."

"भीती वाटते, आई."

मे महिन्यातल्या स्पर्धेच्या शनिवारी नऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड होता. मी भडंग केलं होतं. आपला गायक स्टेजवर आला तेव्हा मुलीने डोळे मिटून घेतले. तो गात होता आणि मी हिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पुढे शेजारी देश एकमेकांना मार्क देत सुटले, मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. देश कुठेतरी मधेच राहिला. टीव्ही बंद केल्यावर ती म्हणाली, "बहुतेक मी नाहीच आहे त्यात." अगदी पुटपुटल्यासारखं. फार खचली की तिचं असं होतं. मला रडू आलं.

रविवारी सकाळी चहा बाजूला ठेवून मी लॅपटॉप उघडला. ऑफिसात चूक शोधते तसं ते गाणं तुकड्यातुकड्याने ऐकत बसले. दुसऱ्या धृपदाच्या आधी, वाद्यं थांबतात तिथे, काहीतरी होतं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सर्रकन. नाकाने घेतलेला श्वास.

मुलीला उठवून आणलं, हेडफोन दिले. तिने ऐकलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आरशात बघितल्यासारखं वाटलं.

"कोणाचाही असेल," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस. आर यू शुअर?"

श्वास कोणाचाही असू शकतो हे मलाही कळत होतं. ऑफिसात मी आजवर कशाचीच खात्री दिलेली नाही.

"शंभर टक्के," मी म्हटलं.

तिने गाणं पुन्हा लावलं. मला ऐकू येत नव्हतं, पण स्क्रीनवर पुढे सरकणारी रेघ दिसत होती. रेघ त्या जागेवर पोचली आणि नेमकी तेव्हाच, डोळे मिटून ऐकता ऐकता, मुलीने नाकाने सर्रकन श्वास घेतला. या वेळी मी तिला काही बोलले नाही.