सरांचं कौन्सिल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या इतिहासाच्या सरांचे. तालुक्याच्या शाळेत ते वर्गात आले की खडूने टेबलावर दोनदा टकटक करीत आणि म्हणत, “कौन्सिल भरलं.”

मग ते इंग्रजी अमदानीतल्या कायदे कौन्सिलचे गव्हर्नर होत. उजवीकडचे बाक सरकारी सभासदांचे, डावीकडचे आमचे. १८९२च्या कायद्याप्रमाणे आम्हाला प्रश्न विचारता येई, पण आधी लिहून द्यायचा. मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोलायचं, मत मात्र द्यायचं नाही.

मी हमालाचा मुलगा. एकदा उत्तर ऐकून मी बसलोच नाही. विचारलं, “पण का?”

“सभासदांनी खाली बसावं. अठराशे ब्याण्णव साल चालू आहे.”

मी उभाच.

सरांनी खडू ठेवला. वर्गाला म्हणाले, “बघा रे, एवढ्या एका उपप्रश्नासाठी आपल्या लोकांना आणखी सतरा वर्षं झगडावं लागलं.”

दहावीनंतर वडील मला कामाला लावणार होते. सर घरी आले. वडील नाही म्हणाले, तरी सर दारातून हलले नाहीत. विचारत राहिले, “पण का?” म्हणून मी पदवीधर झालो.

आता मी जपानमध्ये, हिगाशी-कसाईत राहतो. आमच्या इमारतीच्या अंगणात मुलांना खेळायला बंदी होणार होती. माझ्या मुलीच्या सगळ्या मैत्रिणी त्याच अंगणातल्या. रहिवाशांच्या सभेत आम्हा भाडेकरूंना बसता येतं, मत नसतं. प्रश्न आधी चिठ्ठीवर द्यायचा. मी दिला. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, विचार करू. सगळ्यांनी माना लववल्या. मी उभाच राहिलो.

शेजारचा पुण्याचा मित्र कुजबुजला, “बस रे, मार्चमध्ये आपले भाडेकरार संपतायत.”

मी मोडक्या जपानीत विचारलं, “विचार कोण करणार? आणि कधी?”

मग अध्यक्षांनी वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या सभेपर्यंत बंदी थांबवली.

शाळेतलं सरांचं टेबल गेलं म्हणतात. सरांनाही आता ऐकू येत नाही. म्हणून फोन न करता पत्र टाकलं:

“सर, सा. न. वि. वि. इथे आम्हाला अजून मत नाही. माझा करार पुढे वाढेल की नाही, तेही ठाऊक नाही. पण मुली आज अंगणात खेळतायत. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला आहे. उपप्रश्न दिलेला नाही. तो मी उभा राहून विचारणार आहे.”