इनासकाकांची एकुलती क्वार्टर प्लेट

"वेगळी प्लेट मिळेल का?" असं कुणी गिऱ्हाइकानं विचारलं की इनासकाका काउंटर सोडून थेट त्या टेबलापाशी जायचे. "भांडान झालाय काय तुमचा? मंग आधी मिटवा, नंतर खा." गिऱ्हाईक हसायचं. काका हसत नसत.

भुईगावात, स्वतःच्या केळीच्या बागेत, त्यांनी क्युबन पद्धतीचा बार आणि रेस्टॉरंट काढलं होतं. मी विरारहून तिथे मॅनेजर म्हणून गेले. पूर्वी काका जहाजावर आचारी होते. एकदा जहाज दुरुस्तीसाठी हवानात अडकलं आणि तिथल्या एका कुटुंबानं त्यांना घरी जेवायला नेलं. मधे एक मोठं ताट, भोवती सगळे. ते त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक पदार्थ टेबलाच्या मधोमध: बागेतल्या कच्च्या केळ्यांचे तळून, चेपून, पुन्हा तळलेले काप, काळ्या राजम्याचा भात, लिंबू पिळलेलं डुकराचं मटण. अख्ख्या हॉटेलात क्वार्टर प्लेट, म्हणजे एकट्यापुरती छोटी ताटली, एकच. ती काउंटरवर असे, आणि तिच्यावर मोहितो, म्हणजे रम-पुदिन्याचं पेय, ढवळायचा लांब चमचा ठेवलेला.

"एका ताटात जेवलेला मानूस फसवत नाय," काका म्हणायचे. हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

बागेच्या हद्दीवर एक बावखल होतं, इथल्या जुन्या बागांना पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. पलीकडची बाग काकांच्या धाकट्या भावाची, बस्त्यावची. पाणी दोघं वापरायचे, पण वाटणीत बावखल बस्त्यावकडे गेलेलं. आमची केळी, मोहितोचा पुदिना, सगळं त्याच पाण्यावर. बस्त्याव आपली बाग बिल्डरला विकायला निघाला तेव्हा काकांनी त्याला रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जेवायला बोलावलं. कापांचं ताट दोघांच्या मधे मीच ठेवलं. बस्त्यावनं पोटभर खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला, "दादा, बावखलाला कोन हात नाय लावनार. माझा शब्द हाय."

काकांनी शेवटचा काप त्याच्याकडे सरकवला. तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, लिहून घ्या त्याच्याकडून." ते माझ्यावरच उखडले. "सख्ख्या भावाकडून लिवून घेऊ, पोरी?"

पुढच्याच आठवड्यात डंपर आले. मातीचे ढीग पाण्यात पडत होते, काका कुंपणाशी उभे होते आणि बस्त्याव फोन उचलत नव्हता. उन्हाळ्यात केळी पिवळ्या पडून आडव्या झाल्या. मी टँकरचं सुचवलं तर काका म्हणाले, "इकतचा पानी घालून बाग जगवू? कोनासाठी?" मेन्यूतला मोहितो त्यांनी स्वतःच खोडला. लोक म्हणायचे, मोठा समजूतदार माणूस, भावाशी भांडला नाही. कसला समजूतदारपणा. भांडायला हवं होतं त्यांनी, चारचौघांत कॉलर धरायला हवी होती. बस्त्यावइतकाच मला काकांचाही राग यायचा.

पावसाच्या तोंडावर काका झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी दुसरं नाव घेते.

माती झाल्यावर माणसं हॉटेलात आली. काकांच्या बायकोनं, लुसीकाकूंनी, मला सांगितलं होतं, "त्याच्या पद्धतीनंच वाढ." बाजारातली केळी आणून काप केले. बस्त्याव काळा कोट घालून आला, मधल्या टेबलाशी बसला, मोठ्यानं नाक शिंकरलं आणि ताटाकडे हात नेला.

मी काउंटरवर गेले. चमचा बाजूला काढला आणि ती क्वार्टर प्लेट आणून त्याच्यासमोर ठेवली.

"हा काय?"

"तुमची वेगळी प्लेट," मी म्हटलं.

बाकीचे हात ताटातच थांबले. तो लुसीकाकूंकडे बघू लागला. काकू उठल्या. मला वाटलं, आता मला हाकलणार. त्यांनी मधलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याच्या टेबलावरची माणसंही एकेक करून उठली आणि ताटामागे गेली.