तोंड दीडशेचं, आवाज दोनशेचा

कोणीही कॅमेरा पुढे केला की धुळ्याचे चाचा तो आधी कानाला लावायचे. बटण दाबायचे, ऐकायचे, पुन्हा दाबायचे आणि मग सांगायचे, हा पहिल्या घडणीचा की नंतरचा. लोक हसायचे. हसू द्या.

पाचकंदिलाजवळच्या बोळात त्यांचं दुकान. दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने बोळात उभं राहायचं. पोट घड्याळं दुरुस्त करून भरायचं, पण जीव अडकलेला दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात. एका दाबात दोन फोटो निघतात. ते दोन्ही डबीत घालून दोन्ही डोळ्यांनी पाहिले की माणूस समोर उठून उभा राहतो. माझ्या बायकोचा तसा फोटो आहे, तिच्या नथीमागून बोट फिरवता येईल असं वाटतं. हे कॅमेरे वरून जुळे भाऊ, आतून चुलत. कंपनी मधेच काहीतरी बदलायची आणि बोलायची नाही. चाचांना ते बदल पाठ होते. इंग्रजी मात्र आकड्यांपुरतं. मीही चौथी नापास. मग? कॅमेरा काय शाळेचा दाखला मागतो?

दोंडाईच्याला माझा स्टुडिओ होता. सायकलच्या चाकाची आरी घासून मी स्क्रूड्रायव्हर केला होता. त्याचं टोक जरा तुटकं, त्यामुळे प्रत्येक स्क्रूवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठायचा. तो पाहून चाचा म्हणाले होते, "भाऊ, कॅमेरा खोलस का पंक्चर काढस?" मग तर मी मुद्दाम तीच आरी आयुष्यभर वापरली.

चाचांचा एक नेम होता. एका फडक्यावर एकच मशीन. एक उघडं असताना कितीही मोठा माणूस येवो, त्याचं मशीन बंदच राहायचं. म्हणायचे, "एका खाटेवर दोन बाळंतिणी नकोत. पोरं बदलतात."

काही वर्षांपूर्वी जळगावला जुन्या कॅमेऱ्यांचं प्रदर्शन ठरलं. ते भरवणारे पुण्याचे साहेब कोणती घडण कशी ओळखायची याची छापील यादी घेऊन माझ्याकडे आले. चाळीसगावच्या एका रेल्वेवाल्याने बदली होताना दिलेला माझा कॅमेरा त्यांनी पाहिला. नंतरच्या घडणीत शटरच्या वेगाचा शेवटचा आकडा दोनशे असतो, माझ्या कॅमेऱ्यावर दीडशे. साहेब म्हणाले, "काका, ही पहिली घडण! काचेच्या पेटीत मधोमध ठेवू, खाली तुमचं नाव." माझं नाव तोवर कुठेच छापून आलं नव्हतं. फक्त धुळ्याच्या चाचांनी अस्सल म्हणून सही करायची होती. मी म्हटलं, चला, चाचा घरचेच.

चाचांनी कॅमेरा कानाला लावला.

"तोंड दीडशेचं. आवाज दोनशेचा."

मग फडकं पसरलं, आकडे कोरलेल्या पुढच्या पाटीचे स्क्रू काढले, डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाटी परत बसवली. "हाई तोंड ह्या आंगनं नई शे. सही होणार नाही."

"अहो चाचा, यादीत स्पष्ट छापलंय," साहेब म्हणाले.

"छापणाऱ्याने हा खोलला होता का?"

"मग तोंड बदललं कोणी?"

"मी मशीनचा डॉक्टर आहे साहेब. पोलीस नाही."

माझं डोकं फिरलं. साहेबांसमोरच ओरडलो, "चाचा, तुम्हाला माझं नाव काचेत बघवत नाही!" ते फडकं झटकत म्हणाले, "भाऊ, चहा पिऊन जा." मी चहा प्यायलो नाही. पुढे दोन वर्षं धुळ्याची एसटीसुद्धा धरली नाही. चाचा गेले ते कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटला होता. माती द्यायचीही राहिली.

माणूस गेला म्हणून माझा हट्ट थोडाच जातो? चाचांना खोटं पाडायला मीच कॅमेरा खोलायला बसलो. भिंग लावलं. चारही स्क्रूंवर चंद्रकोरी.

आरी माझी. मग आठवलं. रावेरच्या केळीवाल्या दोस्ताचा असाच कॅमेरा साफसफाईला आला होता, तेव्हा माझाही उघडाच होता. वेळ वाचवायला दोन्ही एकाच चादरीवर खोलले. त्याचं तोंड माझ्याकडे आलं, माझं त्याच्याकडे गेलं. मी कायम पन्नासवर फोटो काढणारा, शेवटचा आकडा कशाला बघतो!

चाचांनी ते त्या दिवशीच ओळखलं होतं. एक शब्द बोलले असते तर पुण्याच्या साहेबांसमोर माझी अब्रू गेली असती. त्यांनी खोटी सही केली नाही आणि माझं नावही घेतलं नाही. बोलणी खाल्ली, वर चहा विचारला.

यंदा पुन्हा प्रदर्शन ठरलं आणि साहेबांचा फोन आला. "काका, चाचा तर आता नाहीत. 'पहिली घडण' अशी पाटी लावून टाकू. कोण खोलून बघणार आहे?"

"मी खोललाय," मी म्हटलं.

मग माझ्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'तोंड रावेरचं, अंग दोंडाईच्याचं. चूक माझी. ओळखलं धुळ्याच्या चाचांनी.' आणि सांगितलं, ही लावणार असाल तर कॅमेरा न्या. साहेब म्हणाले, लोक हसतील.

हसू द्या. कॅमेरा माझ्या खिडकीत आहे, चिठ्ठीसकट. ज्याला बघायचा असेल त्याने यावं, पण आधी कानाला लावावा लागेल.