थेंबरावांच्या एकशे शहाऐंशी स्लाइड

पाणीपुरवठा कार्यालयातल्या नकाशे काढणाऱ्या काकांना सगळे थेंबराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. त्यांच्या संगणकावरचा प्रेझेंटेशनचा प्रोग्रॅम इतका जुना, की चित्र कडेने उडत आत यायचं, एका जागी बसायचं आणि मग काही केल्या हलायचं नाही. थेंबरावांना तर पाण्याचा थेंब धरणापासून टेकडीवरच्या नळापर्यंत चालवायचा होता. मग काय, स्लाइडची नक्कल करायची, थेंब बाणाच्या बटणाने जरासा पुढे सरकवायचा, की पुन्हा नक्कल. अशा एकशे शहाऐंशी स्लाइड झाल्या.

"काका, नव्या प्रोग्रॅममध्ये नुसती रेघ ओढली की थेंब तिच्यावरून आपोआप जातो," उपअभियंता मॅडम म्हणाल्या.

"पाणी आपोआप जात असतं, तर आपल्याला पगार कोणी दिला असता?"



टेकडीवरच्या वस्तीला वेगळी जलवाहिनी द्यायची की नाही, हे पाणीपुरवठा समिती येत्या सोमवारी या स्लाइड पाहून ठरवणार होती. त्याच वस्तीत थेंबरावांची थोरली बहीण राहायची. साठी उलटली तरी पायथ्यापासून बादल्या वाहायची आणि रोज दुपारी फोन करून भावाच्या नोकरीचा उद्धार करायची. थेंबराव निमूट ऐकून घेत. तिच्या गुडघ्यांची आठवण आली की त्यांना घास गोड लागत नसे.

सोमवारी थेंब धरणातून निघाला. थेंबराव एकेक बटण दाबत होते. विसाव्या स्लाइडला एका सदस्याने जांभई दिली, साठाव्याला अध्यक्षांनी मोबाइल काढला. थेंब टेकडीच्या पायथ्याशी पोचला आणि थांबला. थेंबरावांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. थेंब ढिम्म.

"थेंबराव, याला चढ झेपेना वाटतं!" कोणीतरी म्हणालं आणि खोलीत हशा पिकला.

"का हो, पुढे का जात नाही हा?" अध्यक्षांनी विचारलं.

थाप मारायची अक्कल थेंबरावांना कधीच नव्हती.

"माझी चूक झाली, साहेब. या स्लाइड करताना बहिणीचा फोन आला होता. पाणी येत नाही म्हणून ती रडत होती. मी ऐकता ऐकता नकला करत गेलो आणि थेंब सरकवायचा राहिला. अशा बावीस आहेत."

अध्यक्ष पुढे सरकून बसले.

"बहीण कुठे राहते?"

थेंबरावांनी पडद्यावर टेकडीच्या माथ्याशी बोट ठेवलं.

"आणि पाणी कुठे अडतं?"

"हा थेंब आहे ना, तिथेच."

मॅडमनी लगेच फाइल उघडून पाण्याच्या दाबाचे आकडे वाचले. अध्यक्षांनी मोबाइल खिशात ठेवला. अर्ध्या तासात जलवाहिनी मंजूर झाली.

"आता त्या बावीस स्लाइड काढून टाका," मॅडम हसत म्हणाल्या.

"काढून कशाला? नीट करतो की!" थेंबराव खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"ताई, मंजूर झालं," ते म्हणाले आणि पहिली अडलेली स्लाइड उघडली. "आता मात्र फोन ठेव. तू मध्ये बोलत बसतेस, म्हणून तर तुझं पाणी अडलं होतं."



"मग कर की लवकर," ताई म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने सांगितल्याबरोबर फोन ठेवला.