वर्ध्यात खायचं कुठं, ते हिनं शिकवलं

वर्ध्याला निघालेला कुणीही मला विचारतो, "काका, तिथं खायचं कुठं?" मी मोठ्या जाणकाराच्या थाटात पत्ते सांगतो. पुण्याचा भाचा मोबाईलवर तारे मोजून हॉटेल निवडतो, त्यालाही मी हसतो. खरं सांगायचं तर यातलं एकही ठिकाण मी शोधलेलं नाही. सगळी बायकोची.

आर्वीच्या एका शाळेत मी क्लार्क होतो. ऑफिसच्या कामानं महिन्यातून एकदा तरी एसटीनं वर्ध्याला जावं लागे, आणि दर वेळी मी उपाशी परत येई. एकट्यानं हॉटेलात शिरायचं, खुर्ची ओढायची, काय पाहिजे ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं, हे माझ्याच्यानं होत नसे. दारापर्यंत जायचो, आत डोकावायचो आणि घड्याळ बघत पुढं निघायचो. लग्नाआधी आईनं वाढलं ते खाल्लं, नंतर हिनं वाढलं ते. निवडायची वेळच कधी आली नव्हती. संध्याकाळी घरी येऊन ताटावर तुटून पडलो की ही म्हणायची, "वर्ध्याले जाऊन उपाशी येणारा मानूस मी पह्यल्यांदाच पाहून राह्यली."

ही सोबत असली की मात्र वर्धा वेगळंच असे. एसटीतून उतरल्यावर ती आधी ऑटोवाल्यांकडं बघायची. त्यांच्याकडं नव्हे, ते ज्या हातगाडीपाशी उभं राहून खातात तिच्याकडं. तिथं पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा, त्यावर तरंगणारं झणझणीत तेल, म्हणजे आमची तर्री. वरून कच्चा कांदा, शेव. तर्री पुन्हा मागायची असते आणि गाडीवाल्यानं ती न कुरकुरता वाढायची असते. जो कुरकुरला, त्याच्याकडं ही दुसऱ्यांदा पाय ठेवत नसे. दुपारी आलूबोंडा. तो परातीत रचलेला दिसला की ही ढिम्म हलत नसे. "नवीन घाणा कवा निंघते?" असं थेट कढईपाशी जाऊन विचारायची आणि तो निघेपर्यंत बाकावर मांडी ठोकून बसायची. त्यावर गरम कढी ओतून घ्यायची. जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा आमची पिण्याची चैन म्हणजे आलं घातलेला उसाचा रस आणि निघताना एक कडक चहा. एवढं सगळं रिचवून ती एसटीत खिडकीपाशी बसायची आणि आर्वी येईपर्यंत घोरायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

दोन वर्षांपूर्वी तिचं पोट दुखायला लागलं. आर्वीच्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं पहिल्याच दिवशी तिखट, तेलकट, चहा, सगळं बंद झालं. दर पंधरा दिवसांनी बोलावणं. मऊ भाताचा डबा घेऊन ही बाकावर बसायची, आणि पहिल्याच खेपेला मला म्हणाली, "जा, पोहे खाऊन या. अन् आल्यावर मले सांगजा."

मी म्हटलं, तू भात खात असताना मी तर्री ओरपू?

"काऊन नाई? तुमाले कोनी बंद केली काय?"

गेलो. एकट्यानं खाल्लं. मान खाली घालून, पटापट. परत येऊन सांगितलं, छान होते. ही खवळली. "छान म्हंजे काय? कांदा बारीक होता का जाडा? तर्री मागून घेतली का नाई? मीठ?" मला काहीच आठवेना. पुढच्या खेपेला लक्ष देऊन खाल्लं. मग आलूबोंड्याच्या दुकानी पाठवलं. मी परातीतला थंड बोंडा खाऊन आलो, तर त्यावरूनही माझी खरडपट्टी झाली. त्याच्या पुढच्या खेपेला मी कढईपाशी जाऊन, घसा खाकरून, नवीन घाणा कधी निघतो ते विचारलं. आवाज चिरका निघाला, पण विचारलं. परत येऊन सांगितलं तेव्हा ही इतकी हसली की शेजारच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. मला वाटायचं, हिला खाता येत नाही, म्हणून माझ्या तोंडानं चव घेते आहे बिचारी.

नंतर दुर्बिणीनं पोट तपासलं. आत एक गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला पाठवला आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टला बोलावलं. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघं एकमेकांशी फार नीट वागलो, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

रिपोर्टच्या दिवशीही तिनं मला पोह्यांना पिटाळलं. गाडीपाशी गेलो. दहा मिनिटं कोपऱ्यावर उभा राहिलो आणि परत आलो. मग बाकावर बसून असं काही वर्णन केलं, की विचारू नका. कांदा बारीक, पोहे मोकळे, तर्री दोनदा मागून घेतली, मीठ किंचित कमी. ही शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तर्री खाल्ली का तुमच्या टकलावर घाम फुटते. आज टक्कल कोरडं हाय."

मी कबूल केलं, की रिपोर्ट कळल्याशिवाय खावंसंच वाटलं नाही.

तिनं मांडीवरची फाईल बाजूला ठेवली. इतकं चिडलेलं मी तिला क्वचितच पाहिलं असेल. आवाज मात्र हळू. "मी इथं बसून हाय, तरी तुमी नाई खाल्लं. मंग मी नसन त्या दिवशी कसे खासान?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती कसलीही चव घेत नव्हती. पोट दुखायला लागल्यापासून, मऊ भात गिळत, ही बाई मला एकट्यानं जेवायला शिकवत होती.

"जा," ती म्हणाली. "आधी खाऊन या, मंग आत जाऊ."

नंबर जवळ आला होता. तरी गेलो. तर्री दुसऱ्यांदा मागून घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तर्रीचं नव्हतं, आणि मी ते कुणापासून लपवलंही नाही. प्लेट पुसून खाल्ली. परत आलो तेव्हा आमचा नंबर होऊन गेला होता आणि ती फाईल धरून तशीच बसली होती, माझ्याशिवाय आत गेली नव्हती. माझ्या टकलाकडं एकदा बघून उठली.

गाठ साधी निघाली. डॉक्टर औषधं लिहून देत होते, मी हात जोडून नुसता मान हलवत होतो. बाहेर पडताना मी म्हटलं, सुटलो बाई, आता मला शिकवायची गरज नाही.

"कोनं सांगतलं?" ती म्हणाली. "उद्यापासून भात टाकाले शिकजा."